वाचायची सोय झाली, छापायचं कुठे?

बडोद्यात पीएचडी करणारी मुलं ग्रंथालयात दोन तक्रारी घेऊन येतात. पहिल्या वर्षी म्हणतात, "सर, हा पेपर उघडत नाहीये, पस्तीस डॉलर मागतोय." तिसऱ्या-चौथ्या वर्षी म्हणतात, "सर, माझा पेपर तयार आहे, पण पाठवू कुठे?" पहिल्या तक्रारीवर आता बराचसा इलाज निघालाय. दुसरीवर नाही. तिची फारशी चर्चाही होत नाही, कारण वाचकाची अडचण सगळ्यांना दिसते आणि लेखकाची फक्त लेखकाला.

आधी हा व्यवहार चालतो कसा ते बघू. संशोधकाला पगार देतं विद्यापीठ, म्हणजे बहुतेक वेळा सरकार, म्हणजे तुम्ही-आम्ही. तो लेख लिहितो, त्याचा मोबदला त्याला मिळत नाही. नियतकालिकाचा संपादक तो लेख त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला पाठवतो (याला समीक्षण म्हणतात) आणि तेही फुकटच तपासतात. लेख स्वीकारला की लेखक स्वामित्वहक्क प्रकाशकाच्या नावे करून देतो. मग प्रकाशक तोच लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी लावून विकतो. ज्याच्या पैशातून संशोधन झालं, त्यालाच ते वाचायला पुन्हा पैसे! कागद, शाई आणि टपालाचा खर्च होता तोवर हे थोडंफार पटण्यासारखं तरी होतं. इंटरनेट आल्यावर तो खर्च गेला, वर्गण्या मात्र वाढतच राहिल्या.

या कोंडीवर बुडापेस्टमधल्या एका बैठकीतून फेब्रुवारी २००२ मध्ये एक जाहीरनामा निघाला. संशोधनपर लेख इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता, उतरवून घेता आणि वाटता यावेत, एवढीच त्याची मागणी. हाच ओपन अ‍ॅक्सेस, किंवा मुक्त प्रवेश.

मग खर्च कुणी करायचा? मोठ्या प्रकाशकांनी यातून नामी युक्ती काढली: वाचक देत नसेल तर लेखकाने द्यावे. 'नेचर'ने २०२१ पासून एक लेख सर्वांसाठी खुला करायचे ९,५०० युरो ठरवले. आपल्याकडे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे पोरीने जवळजवळ दोन वर्षं जेवणखाण, भाडं, रिक्षा सगळं बंद केलं तर तिचा एक लेख तिथे खुला होईल. सगळीकडेच इतका दर नसतो, पण बऱ्यापैकी नाव असलेल्या नियतकालिकांत एक-दोन लाख ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बरेच प्रकाशक गरीब देशांतल्या लेखकांना सूट देतात, पण भारत सहसा त्या यादीत बसत नाही. पूर्वी पंगतीला बसणाऱ्याकडून ताटाचे पैसे घ्यायचे, आता पंगत फुकट, पण स्वयंपाक करून आणणाऱ्यानेच वाढणावळ भरायची.

तिसरी वाट अशी की वाचकही पैसे देत नाही आणि लेखकही नाही. खर्च विद्यापीठं, संशोधन संस्था किंवा सरकार थेट उचलतं. याला डायमंड ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. नाव भारी असलं तरी हे जुनंच काम आहे, संस्थांची त्रैमासिकं अशीच चालत आली आहेत. फरक पडला तो ही सुटी सुटी त्रैमासिकं एका छपराखाली आणली गेली तेव्हा.

ते आधी लॅटिन अमेरिकेत झालं. ब्राझीलमध्ये १९९७ साली १० नियतकालिकं घेऊन सायएलो नावाचा प्रयोग सुरू झाला. पैसे दिले साओ पावलो राज्याच्या विज्ञाननिधी संस्थेने. त्यांची तक्रार साधी होती: आमचं संशोधन पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये निघतं, अमेरिकेतल्या सूचींना ते दिसत नाही, म्हणजे जगाच्या लेखी ते झालेलंच नाही. लवकरच चिली आलं, मग एकेक करून बाकीचे देश, पुढे दक्षिण आफ्रिकासुद्धा. आज त्यावर हजाराहून जास्त नियतकालिकं आहेत. तांत्रिक पद्धत सगळ्यांची एकच, पण कुठलं नियतकालिक घ्यायचं आणि कुठलं काढायचं ते प्रत्येक देशाची आपापली समिती ठरवते. मेक्सिकोतल्या एका सार्वजनिक विद्यापीठाने असंच रेडालिक उभं केलं. ते जास्त कडक, लेखकाकडून पैसे घेणाऱ्या नियतकालिकाला तिथे जागा नाही. सायएलोत काही नियतकालिकं शुल्क घेतात, यावरून त्यांच्यात वादही आहेत.

मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो क्रोएशियाचा. २०११ च्या जनगणनेत आपल्या तेव्हाच्या अखंड वडोदरा जिल्ह्याची लोकसंख्या ४१ लाखांवर होती. आजचा अख्खा क्रोएशिया त्याहून लहान. तरी तिथे २००६ पासून हर्चक नावाचं राष्ट्रीय व्यासपीठ आहे, झाग्रेब विद्यापीठाचं संगणक केंद्र ते चालवतं. देशातली शेकडो नियतकालिकं, त्यातली कित्येक क्रोएशियन भाषेतली, एकाच ठिकाणी मोफत वाचता येतात. त्याच २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. आणि बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका या आपल्या शेजाऱ्यांकडेही आपापल्या देशाच्या नियतकालिकांची व्यासपीठं आहेत. आपल्याकडे सर्व विषयांना आणि सर्व भाषांना घेणारं, त्या तोलाचं एकही नाही.

कुणी म्हणेल, वेबसाइट तर कुणीही काढतं, त्यात काय मोठं? तर मोठं काय ते एका लेखाच्या मागे मागे जाऊन बघू.

समजा, कुणीतरी गायकवाडांच्या दप्तरातले मोडी कागद वाचून जमीनमहसुलावर मराठीत लेख लिहिला. तो एखाद्या संस्थेच्या त्रैमासिकात आला आणि संस्थेने अंकाची पीडीएफ आपल्या साइटवर चढवली. झालं मुक्त? पीडीएफ उघडा आणि त्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा. अंक जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉण्टमध्ये जुळवलेला असेल तर 'जमाबंदी' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी उतरते. डोळ्याला मराठी, यंत्राला रद्दी. गूगलवर 'गायकवाड महसूल' असं शोधलं तर हा लेख जन्मात सापडणार नाही. त्यात १२० पानांच्या अंकाची एकच फाइल, लेख पान ६३ वर. त्याचा संदर्भ द्यायचा तरी कसा? दोन वर्षांनी संस्थेचे चिटणीस बदलतात, डोमेनचं नूतनीकरण कुणाच्या लक्षात राहत नाही आणि साइटच जाते. हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. जगभरातली १७४ मुक्त नियतकालिकं २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून चक्क नाहीशी झाली, असं एका अभ्यासात आढळलं.

चांगल्या व्यासपीठावर याच लेखाचं काय होतं? तो युनिकोडमध्येच घेतला जातो. शीर्षक, लेखकाचं नाव, संस्था, सारांश, एकेक संदर्भ, प्रत्येकावर यंत्राला कळेल अशी खूण केली जाते, ज्याला एक्सएमएल म्हणतात. मग त्याला डीओआय मिळतो, म्हणजे त्या लेखाचा कायमचा क्रमांक. साइटचा पत्ता बदलला तरी क्रमांक बदलत नाही, नव्या पत्त्यावर नेऊन सोडतो. लेखाची माहिती शोधयंत्रांना आणि सूचींना आपोआप जाते. एक प्रत दुसऱ्या ठिकाणच्या संग्रहात राहते. लेख किती जणांनी उघडला, कुणी उद्धृत केला, याची नोंद होते. हे सगळं एकट्या त्रैमासिकाला झेपत नाही. संपादक निवृत्त प्राध्यापक, मदतीला एक अर्धवेळ लेखनिक, त्यांनी एक्सएमएल करायचं? तेच काम पाचशे नियतकालिकांसाठी एका ठिकाणी केलं तर परवडतं. यासाठी लागणारं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. ओपन जर्नल सिस्टिम्स हे त्यातलं सगळ्यात रुळलेलं, २००२ च्या सुमारास कॅनडातून आलेलं. आज ते सगळ्यात जास्त कोण वापरतं? इंडोनेशिया.

हे झालं 'कसं'. पण 'प्रादेशिक' कशाला? जगाचं एकच मोठं व्यासपीठ का नको? याला माझ्याकडे लायबेरियातल्या घटनेपेक्षा चांगलं उत्तर नाही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली. या भागात इबोला नव्हताच, असंच तोवर समजलं जात होतं. पुढच्या वर्षी लायबेरियाच्या आरोग्य खात्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्नीस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक जुना लेख हाती लागला. १९८२ साली युरोपातल्या एका नियतकालिकात जर्मन संशोधकांनी लिहून ठेवलं होतं की लायबेरियातल्या लोकांच्या रक्तनमुन्यांत इबोलाच्या खुणा दिसतात, या देशाला इबोलाच्या पट्ट्यात धरावं लागेल. रक्त लायबेरियाचं, लेखकांत लायबेरियाचं कुणी नाही, आणि असा एखादा लेख उतरवून घ्यायचा तर ४५ डॉलर, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा जवळपास अर्ध्या आठवड्याचा पगार. त्या लेखाने साथ टळली असती असा दावा कुणी करू नये. पण जिथली गोष्ट तिथल्याच माणसाला ठाऊक नसण्याची ही परिसीमा झाली.

आपल्याकडे छोटा उदेपूर, दाहोद, नर्मदा या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. त्यावर काम करणारा माणूस लेख लिहितो तेव्हा त्याचा खरा वाचक कोण? तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर, समुपदेशक, आरोग्य खात्यातला अधिकारी. नामांकित परदेशी नियतकालिकाचा संपादक आधी विचारतो, 'यात जगाला नवीन काय?' त्याच्या जागी तो बरोबर आहे. पण एका तालुक्यातल्या तपासण्यांचा हिशेब जगाला नवीन नसला तरी त्या तालुक्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा असतो. असा लेख मग एक तर लिहिलाच जात नाही, नाही तर जगाला रुचेल असा वळवून लिहिला जातो. विश्वामित्री आणि तिच्या मगरी, गुजरातेतल्या मराठी शाळा, गायकवाडी दप्तर, सगळ्यांची हीच कथा.

आता आपल्या ताटात काय आहे ते बघू. बडोद्याहून दोन-अडीच तासांवर, गांधीनगरला, इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ अनुदान आयोगाचं केंद्र आहे. त्यांचं शोधगंगा म्हणजे पीएचडी प्रबंधांचा खुला संग्रह. आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं आणि आज तिथे मराठीसकट अनेक भाषांतले लाखो प्रबंध मोफत वाचता येतात. एरवी सरकारी साइट म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी एकदा शोधगंगेवर आपल्या विषयाचा शब्द घालून बघावा. माझ्या मते आपल्याकडचं हे सगळ्यात यशस्वी प्रादेशिक व्यासपीठ आहे. फक्त ते प्रबंधांचं आहे, लेखांचं नाही.

दुसरी गोष्ट 'एक राष्ट्र, एक सदस्यता'. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना उघडली. पस्तीस डॉलरच्या तक्रारीवरचा इलाज म्हणालो तो हाच, आणि तो खरोखर कामाचा आहे. पण खाजगी महाविद्यालयातला प्राध्यापक, दवाखाना चालवणारा डॉक्टर, निवृत्त अभ्यासक, पत्रकार अजून दाराबाहेरच आहेत. शिवाय ही वर्गणी आहे, भरायची थांबवली की दार बंद. वर्षाला २,००० कोटी परदेशी प्रकाशकांची नियतकालिकं वाचायला जातात. त्याचा एक टक्का, म्हणजे २० कोटी, दरवर्षी आपली नियतकालिकं उभी करायला काढले तर काय होईल, हे मला बघायला आवडेल.

बडोद्याच्या माणसाला हा हिशेब नवा वाटू नये. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. हे सगळे सांगतात, व्याख्यानांतून तर हमखास. पण त्याच काळात संस्थानाने दुसरंही काम केलं: पाटणच्या जैन भांडारांतल्या पोथ्या तपासायला चिमणलाल दलाल यांना पाठवलं आणि १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला छापायला घेतली. पहिलं पुस्तक राजशेखराची काव्यमीमांसा. पुढे प्राच्यविद्या मंदिर झालं, तिथे वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, १९६० ते १९७५ या काळात छापली गेली. वाचायची सोय एका हाताने, छापायची दुसऱ्या. दुसरा हात नसता तर बडोदं विद्वानांच्या जगात नुसतं चांगलं गिऱ्हाईक राहिलं असतं.

प्रादेशिक व्यासपीठं म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नाही. ओळखीपाळखीत समीक्षण उरकतं. विषय लहान, जाणकार चार, त्यातले दोन लेखकाचे गुरुबंधू. व्यासपीठ उभं राहताना पैसा मिळतो, चालवताना आटतो. आणि छप्पर दुसऱ्याचं असेल तर वेगळाच घोळ. इंडोनेशियाच्या संशोधकांनी छपाईपूर्व, म्हणजे अजून समीक्षण न झालेल्या, लेखांचा आपला संग्रह अमेरिकेतल्या एका ना-नफा संस्थेच्या यंत्रणेवर उभा केला होता. भरभरून चालला. मग २०२० च्या सुमारास त्या संस्थेने वार्षिक शुल्क लावलं आणि संग्रहापुढे बंद पडण्याची पाळी आली. संस्था वाईट नव्हती, तिलाही खर्च होता. पण चावी तिच्याकडे होती.

आपल्याकडे ही पोकळी भलत्यांनी भरली आहे. संशोधन करणाऱ्या कुणाच्याही फोनमध्ये हे संदेश असतात: 'तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह, फक्त १,५०० रुपये.' नाव आंतरराष्ट्रीय, विषय मानसशास्त्रापासून धातुशास्त्रापर्यंत सगळे, समीक्षण नावापुरतंही नाही. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका झटक्यात काढली, मग केअर नावाची नवी मान्य यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निवड संस्थांवर सोपवली. मुलांना मी एवढंच सांगतो: संपादक मंडळातल्या कुणा एकाच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन तो माणूस खरंच त्या विषयातला आहे का बघा, मागच्या अंकातला एक लेख वाचून काढा, आणि नियतकालिक डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत आहे का ते तपासा. यातले निम्मे दुकानदार तिथेच गळतात. लेखकाकडून पैसे मागणं हा गुन्हा नव्हे, पण तीन दिवसांत समीक्षण होत नाही.

खरी गाठ मात्र बढतीची आहे. ब्राझीलमध्ये विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या सरकारी यंत्रणेने सायएलोतल्या नियतकालिकांना मोल दिलं, म्हणून चांगले लेख तिथे आले. आपल्याकडे निवड समितीसमोर मराठी त्रैमासिकातला लेख ठेवला की पहिला प्रश्न येतो, 'हे स्कोपसमध्ये आहे का?' (स्कोपस म्हणजे नियतकालिकांची एक परदेशी सूची.) जोवर हा प्रश्न पहिला आहे तोवर हुशार मुलगी आपला सगळ्यात चांगला लेख बाहेरच पाठवणार आणि उरलासुरला घरच्या नियतकालिकाला देणार. तिला बोल लावायचं काही कारण नाही.

तोवर एक गोष्ट प्रत्येकाला करता येते. बहुतेक मोठे प्रकाशक समीक्षण झालेला, पण त्यांनी मांडणी करून छापलेला नव्हे, असा मसुदा विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात ठेवू देतात, काही जण सहा महिने ते दोन वर्षं थांबायला लावून. करारात ते लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचावं. विद्यापीठाचा संग्रह नसेल तर झेनोडो आहे, जिनिव्हाजवळची सर्न ही संशोधन संस्था तो चालवते. तो परदेशातलाच, पण सार्वजनिक पैशावर चाललेला, आणि पैसे मागत नाही. मराठी लेखही तिथे ठेवता येतो आणि त्याला डीओआय मिळतो. फक्त फाइल युनिकोडमध्ये असू द्या.